पंगतीबाहेरचे पान : लॅटिन ग्रॅमीतील ‘सर्वोत्तम अर्बन गीत’ पुरस्कार आणि २०१९ चा रेगेटोन-निषेध

२४ सप्टेंबर २०१९ रोजी विसाव्या लॅटिन ग्रॅमी पुरस्कारांची, म्हणजे मुख्यतः स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतील संगीताला दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांची, नामांकने जाहीर झाली आणि लगेच इन्स्टाग्रामवर एक चित्र फिरू लागले. लॅटिन ग्रॅमीचे बोधचिन्ह, त्यावर मारलेली लाल फुली आणि सोबत ‘रेगेटोन नसेल तर लॅटिन ग्रॅमीही नाही’ अशा आशयाची स्पॅनिश ओळ. रेगेटोन म्हणजे जमैकाच्या तालावर प्वेर्तो रिकोत घडलेले स्पॅनिश नाचगाणे. हे चित्र टाकणाऱ्यांत कोलंबियाचे जे बाल्विन आणि मालुमा होते, प्वेर्तो रिकोचे डॅडी यँकी होते. म्हणजे ज्यांच्या गाण्यांवर त्या वर्षी स्पॅनिशभाषक जगाची कमाई आणि करमणूक दोन्ही चालली होती तेच हे लोक. या नाराजांपैकी कित्येकांना स्वतःला नामांकने मिळालेली होती. यँकींनी तर लिहिलेच की, मला नामांकन असले तरी या संगीतप्रकाराला आणि माझ्या सहकाऱ्यांना जी वागणूक मिळाली ती मला मान्य नाही, आणि ही चळवळ तुमच्या व्यासपीठाने उभी केलेली नाही. तेव्हा ‘द्राक्षे आंबट’ म्हणून हे प्रकरण झटकून टाकता येत नाही.

प्रस्तुत अभ्यासाचा विषय हा निषेध आणि त्याच्या मध्यभागी असलेला एक पुरस्कार आहे. ‘सर्वोत्तम अर्बन गीत’ हा पुरस्कार रेगेटोन, हिपहॉप आणि त्यांच्या भावंडांसाठी लॅटिन ग्रॅमीत दरवर्षी दिला जातो. २०१९ मध्ये तो ज्या गाण्याला मिळाला त्याच्या गीतकारांत जे बाल्विन हेही होते. ज्याने फुली मारली त्याच्याच नावे पुरस्कार निघाला, ही विसंगती वरवर गमतीची वाटते. पण तिच्या मुळाशी पुरस्कारांची रचनाच आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुरस्कार नेमका कोणाचा

लॅटिन रेकॉर्डिंग अकादमीची स्थापना १९९७ मध्ये झाली आणि पहिला सोहळा सप्टेंबर २००० मध्ये लॉस एंजेलिस येथे पार पडला. आरंभी या प्रकारच्या संगीतासाठी ‘रॅप/हिपहॉप अल्बम’ एवढाच एक वर्ग होता. २००४ मध्ये त्याचे नाव ‘अर्बन संगीत अल्बम’ असे झाले आणि २००७ पासून गीतासाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला. तो प्रथम प्वेर्तो रिकोच्या काये १३ या जोडगोळीच्या ‘पाल नोर्ते’ या गाण्याला मिळाला. ओरिशास या क्यूबन गटाच्या साथीने केलेले हे गाणे उत्तरेकडे निघालेल्या स्थलांतरितांविषयी होते. या पहिल्याच निवडीची नोंद ठेवावी, कारण पुढे वारंवार दिसणारी एक आवड तिथेच दिसते. अर्बन संगीतातले जे गाणे शब्दांना वजन देते आणि नाचापेक्षा आशयाकडे झुकते, ते मतदारांना चटकन भावते.

‘अर्बन’ हा शब्द मराठीत ‘शहरी’ किंवा ‘नागरी’ असा उतरवला तर अर्थाचा घोटाळा होतो, म्हणून तो तसाच ठेवला आहे. हे मुळात संगीताचे नाव नव्हेच. ते संगीतव्यवसायाने केलेले गाठोडे आहे. त्यात रेगेटोन आहे, स्पॅनिश रॅप आहे, ट्रॅप हा रॅपचाच जड तालाचा प्रकार आहे आणि ज्याचे काय करावे हे कळत नाही असे बरेच काही आहे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. हा पुरस्कार गाणाऱ्याला नसून लिहिणाऱ्यांना आहे. गायनाच्या सादरीकरणाचा वर्ग वेगळा, अल्बमचा वेगळा. परंतु या संगीतात ‘लिहिणे’ म्हणजे वहीत कडवी उतरवणे इतकेच नसते. ज्याने ताल रचला, ज्याने स्टुडिओत बसून दोन शब्दांची पकड सुचवली, तोही गीतकारांच्या यादीत येतो आणि यादी लांबते. २०१९ च्या विजेत्या ‘कॉन आल्तुरा’ या गाण्याच्या यादीत गायिका रोसालिया, जे बाल्विन आणि स्पॅनिश निर्माता एल गिंचो यांच्याबरोबर कॅनडाच्या फ्रँक ड्यूक्स यांच्यासारखी इतरही नावे आहेत.

तालाची वंशावळ

या वादात ‘रेगेटोन’ म्हणजे काय हे कानाने समजून घेतले पाहिजे. दोन ठोक्यांच्या आवर्तनाचे आठ समान भाग करावेत. पहिल्या आणि पाचव्या भागावर खर्जातला ‘धम्’ पडतो, चौथ्या आणि सातव्या भागावर स्नेअरचा ‘चक’ पडतो. ‘धम् – – चक धम् – चक –’ असे ते फिरत राहते. खालचा ठोका सरळ चालतो आणि वरचा तीन-तीन-दोन अशा वाटणीने लचकतो. आठ मात्रांचा केरवा ज्यांच्या हाताखालून गेला आहे, त्यांना या लचकेचे आकर्षण समजावून सांगावे लागणार नाही. २०१७ मध्ये ‘देस्पासितो’ कानावर आले तेव्हा स्पॅनिशचा एक शब्द न कळणारे आपल्याकडचे लोकही डोलले, ते याच लचकेवर.

या तालाला ‘डेंबो’ म्हणतात आणि त्याचे मूळ जमैकात आहे. स्टीली आणि क्लीव्ही या निर्मात्यांच्या १९८९ च्या ‘फिश मार्केट’ या वाद्यसंगीताशी ते जोडले जाते, आणि शाबा रँक्स यांच्या १९९० च्या ‘डेम बो’ या गाण्यावरून तालाला नाव मिळाले. पनामातील कृष्णवर्णीय गायकांनी हे संगीत स्पॅनिशमध्ये आणले. पुढे प्वेर्तो रिकोतील सान हुआनच्या वस्त्यांत डीजे प्लेयेरोसारख्यांनी कॅसेटींवर त्याचे नवे रूप घडवले. या कॅसेटी हातोहात फिरत. १९९५ मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून त्या अश्लील म्हणून जप्त केल्या, आणि २००२ मध्ये तेथील सिनेटर व्हेल्दा गोन्सालेस यांनी रेगेटोनवर केल्या जाणाऱ्या ‘पेरेओ’ या अंगलगटीच्या नाचाविरुद्ध मोहीम उघडली. दोनच वर्षांनी डॅडी यँकींचे ‘गासोलिना’ जगभर वाजू लागले आणि २००५ मध्ये त्याला लॅटिन ग्रॅमीत ‘वर्षाची ध्वनिमुद्रिका’ या मुख्य वर्गात नामांकन मिळाले. २०१९ मध्ये यँकींच्या शब्दांत जी कळ उठली तिच्यामागे ही पंचवीस वर्षे होती. ज्याला आधी पोलिसांनी हाकलले त्याला आता दिवाणखान्याच्या दारातच थांबवले जात आहे, अशी ती भावना होती.

गीतकारांच्या लांबलचक याद्यांत ‘फिश मार्केट’चे निर्माते सहसा नसतात, हेही येथे नोंदवावे लागेल. क्लीव्ही आणि दिवंगत स्टीलीचे वारस यांनी २०२१ पासून अमेरिकेच्या न्यायालयात याच तालाच्या हक्कासाठी दावा लावला असून त्यात रेगेटोनमधील शंभराहून अधिक कलावंत ओढले गेले आहेत. मान मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी ज्यांचा मान ठेवला नाही, त्यांची ही तक्रार आहे.

नाराजी कशाची होती

लॅटिन ग्रॅमीत चार वर्ग ‘सर्वसाधारण’ मानले जातात : वर्षाची ध्वनिमुद्रिका, वर्षाचा अल्बम, वर्षाचे गीत आणि सर्वोत्तम नवोदित कलावंत. प्रतिष्ठा तेथे आहे आणि दूरचित्रवाणीवरचा मुख्य वेळही तेथेच जातो. बाकीचे वर्ग प्रकारानुसार पाडलेले आहेत आणि त्यांतील बरेचसे पुरस्कार थेट प्रक्षेपणापूर्वीच वाटून होतात. २०१९ च्या ‘वर्षाची ध्वनिमुद्रिका’ या वर्गातील दहा नामांकनांत सरळसरळ रेगेटोन म्हणावे असे एकही नव्हते. आलेहान्द्रो सांस, हुआनेस, हुआन लुइस गेर्रा, मार्क अँथनी अशी घरंदाज नावे होती. रोसालिया होती, पण तिचे गाणे निराळे. अल्बमच्या वर्गात प्वेर्तो रिकोचा गायक बॅड बनीच्या ‘एक्स १००प्रे’ या पहिल्या अल्बमला जागा मिळाली नाही. त्या वर्षी सर्वाधिक आठ नामांकने सांस यांना होती.

अर्बन विभागात मात्र या सर्व मंडळींची नामांकने होतीच. म्हणजे पान वाढलेले होते, पण पंगतीबाहेर. आदल्या वर्षीचा अनुभवही ताजा होता. २०१८ मध्ये सर्वाधिक, म्हणजे आठ, नामांकने बाल्विन यांना मिळाली, पण हाती एकच पुरस्कार लागला आणि तोही अर्बन अल्बमचा. त्या वर्षीची ध्वनिमुद्रिका आणि गीत हे दोन्ही मान उरुग्वेच्या होर्हे द्रेक्सलर यांच्या ‘तेलेफोनिया’ला गेले, तर अर्बन गीताचा पुरस्कार यँकींच्या ‘दुरा’ला. हा श्रमविभाग इतका नीटनेटका होता की तो खुपायचाच.

अकादमीचे उत्तर शांत आणि तांत्रिक होते. नामांकने सदस्यांच्या मतदानातून ठरतात, ही पद्धत आरंभापासून चालत आली आहे, आम्ही अर्बन क्षेत्रातील धुरीणांशी बोलून वर्ग तयार केले आहेत, त्यांची निराशा आम्ही ऐकतो आहोत, आणि त्यांनी अकादमीचे सदस्य होऊन प्रक्रियेत भाग घ्यावा, असा त्याचा सारांश होता. हे उत्तर टाळाटाळीचे वाटले तरी चुकीचे नव्हते. मतदार म्हणजे ज्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या संगीताचे श्रेय आहे असे वादक, गायक, गीतकार, ध्वनितंत्रज्ञ. सर्वसाधारण वर्गांत सगळे मत देऊ शकतात. बोलेरो वाजवणारा, सांबा लिहिणारा, मारियाची गटातला व्हायोलिनवादक अशा सर्वांची मते तेथे एकत्र पडतात, आणि ज्यांनी आयुष्य वाद्यावर घासले त्यांना संगणकावर बसवलेल्या तालाविषयी आदर असेलच असे नाही. प्रकारवार वर्गात हे मतभेद गळून पडतात, कारण तेथे स्पर्धाच एका जातीच्या गाण्यांत असते. म्हणून तो वर्ग रेगेटोनला हमखास पुरस्कार देतो आणि म्हणूनच तो पुरस्कार हमखास दुय्यम ठरतो.

माझ्या मते निषेधकर्त्यांची तक्रार खरी होती, पण तिचा पत्ता अर्धवट होता. ‘अकादमी’ नावाची कोणी एक व्यक्ती त्यांना डावलत नव्हती. त्यांचेच व्यवसायबंधू डावलत होते. आणि गाणे किती वेळा ऐकले गेले या आकड्यांवर पुरस्कार ठरायचे तर मतदानाची गरजच काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

१४ नोव्हेंबर २०१९ ची रात्र

लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड गार्डन अरीनात सोहळा झाला तेव्हा बाल्विन तेथे नव्हते. ‘कॉन आल्तुरा’ला अर्बन गीताचा पुरस्कार मिळाला. हे गाणे या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहू.

मार्च २०१९ मध्ये आलेल्या या गाण्याची मुख्य गायिका रोसालिया कॅटलोनियाची; बार्सिलोनात फ्लामेंको या स्पेनमधील पारंपरिक गायनाचे रीतसर शिक्षण घेतलेली. तिच्या बरोबर कोलंबियातील मेदेयिनचा बाल्विन. आणि गाण्याच्या पोटात डीजे प्लेयेरोच्या जुन्या कॅसेटयुगातील ध्वनीचा तुकडा उचलून बसवलेला, त्यामुळे तालाला नव्वदच्या दशकातला खरखरीत, ओबडधोबड पोत आलेला. सान हुआनच्या वस्तीत जप्त होणारा तो आवाज आता स्पेनच्या गायिकेच्या गाण्यातून व्यासपीठावर पोचला. त्याच रात्री रोसालियाच्या ‘एल माल केरेर’ या फ्लामेंकोवर आधारलेल्या अल्बमला वर्षाच्या अल्बमचा मान मिळाला. युरोपातून आलेल्या गौरवर्णीय गायिकेला अर्बनचा मान आणि ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून हे संगीत निघाले त्या बाजूला, अशी टीका तेव्हा झाली आणि ती बिनबुडाची नव्हती. मात्र गाणे म्हणून ‘कॉन आल्तुरा’ नेटके आहे आणि आपण कोणाचे देणे लागतो हे ते लपवत नाही, हेही म्हटले पाहिजे.

बॅड बनी मात्र आले होते. अर्बन अल्बमचा पुरस्कार स्वीकारताना त्यांनी आदर राखून पण स्पष्टपणे सांगितले की, रेगेटोन हा लॅटिन संस्कृतीचा भाग आहे आणि इतर प्रकारांइतकाच तो जगात लॅटिन संगीताचे प्रतिनिधित्व करतो.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. वर्षाच्या गीताचा मान प्वेर्तो रिकोच्या पेद्रो कापो यांच्या ‘काल्मा’ला मिळाला आणि याच गाण्याच्या रेगेटोन-गायक फारुकोसोबतच्या रीमिक्सला अर्बन सादरीकरणाचा पुरस्कार मिळाला. गाणे एकच. गीत म्हणून ते मुख्य पंगतीला बसले आणि फारुकोचा आवाज चढताच ते अर्बनच्या पानावर गेले. गीतांचा इतिहास चाळला तर हा योगायोग वाटत नाही. २०१४ मध्ये ‘बायलांदो’ने वर्षाचे गीत आणि अर्बन गीत हे दोन्ही मान घेतले, पण त्याच्या मुखाशी स्पॅनिश गिटार होती आणि मुख्य गायक एन्रिके इग्लेसियास होते. २०१७ मध्ये ‘देस्पासितो’ वर्षाचे गीत ठरले. त्याची सुरुवात प्वेर्तो रिकोच्या क्वात्रो या तंतुवाद्याने होते आणि ते मुळात लुइस फोन्सी या पॉप गायकाचे. त्या वर्षीचे अर्बन गीत मात्र निराळेच, काये १३ मधील रॅपर रेसिदेन्ते यांचे ‘सोमोस आनोर्मालेस’. डेंबोला मुख्य दालनात प्रवेश मिळतो, पण गिटारवाल्या पॉप गायकाचे बोट धरून.

अकादमीचा उपाय आणि त्याचे फळ

२०२० मध्ये अकादमीने अर्बन विभागात दोन नवे वर्ग वाढवले : सर्वोत्तम रेगेटोन सादरीकरण आणि सर्वोत्तम रॅप/हिपहॉप गीत. तक्रार होती की आम्हाला वेगळ्या खोलीत बसवले जाते. उत्तर मिळाले की खोलीत आणखी दोन खुर्च्या टाकल्या आहेत. तरीही हा उपाय निव्वळ देखावा होता असे म्हणता येत नाही. ‘रेगेटोन’ हा शब्द लॅटिन ग्रॅमीच्या वर्गाच्या नावात प्रथमच आला, आणि रॅपला स्वतःचे गीत मिळाल्यामुळे ‘अर्बन गीत’ या गाठोड्याची एक गाठ सुटली. त्या वर्षीच्या सर्वसाधारण वर्गांतही फरक पडलेला दिसला. बाल्विन यांना तब्बल १३ नामांकने मिळाली; वर्षाच्या अल्बमसाठी त्यांचा ‘कोलोरेस’, बॅड बनीचा अल्बम आणि दोघांचा एकत्रित ‘ओआसिस’ असे तीन अर्बन अल्बम शर्यतीत होते.

निकाल लागला तेव्हा अल्बमचा मान मेक्सिकोच्या नातालिया लाफुरकाद यांच्या लोकगीतांच्या अल्बमला आणि ध्वनिमुद्रिकेचा सांस यांना गेला. बाल्विन यांना १३ पैकी एक पुरस्कार मिळाला. तो पुन्हा अर्बन अल्बमचाच. अर्बन गीत पुन्हा रोसालियाचे, गायक ओसुनासोबतचे. वर्षाचे गीत मात्र रेसिदेन्ते यांचे ‘रेने’ ठरले. बालपण, आई, एकटेपण यांविषयीचे हे संथ, आत्मकथनपर रॅप आहे. त्यावर कोणी नाचू शकणार नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये बाल्विन यांनी पुन्हा बहिष्काराची हाक दिली : त्यांना आपली किंमत नाही, पण गरज आहे, असा त्यांचा सूर होता. यावेळी विरोध घरातूनच आला. त्या वर्षी अकादमी पनामाचे ज्येष्ठ साल्सा गायक रुबेन ब्लादेस यांचा गौरव करणार होती आणि अशा वेळी बहिष्कार हा त्यांचा अनादर आहे, असे रेसिदेन्ते यांनी सुनावले. शिवाय बाल्विन यांच्या संगीताची तुलना त्यांनी हातगाडीवरच्या हॉटडॉगशी केली : तो पुष्कळांना आवडतो, पण चांगले जेवायचे असेल तर माणसे उपाहारगृहात जातात आणि मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचे तारे उपाहारगृहांनाच मिळतात. बाल्विन यांनी हॉटडॉगच्या गाडीजवळ बसून छायाचित्र काढले आणि ते प्रसिद्ध केले. हा विनोद त्यांना शोभला. पण रेसिदेन्ते यांच्या उपमेत मतदारांच्या मनातले बोलून दाखवले गेले होते : शब्दप्रधान रॅप म्हणजे कला आणि नाचायचे रेगेटोन म्हणजे खाऊ. ज्या काये १३ मधून ते आले तिला २०११ च्या एका रात्रीत नऊ पुरस्कार मिळाले होते, हे ध्यानात घेतले की ही उपमा तटस्थ ठिकाणाहून आली नव्हती हेही कळते.

त्या वर्षी अर्बन गीत आणि वर्षाचे गीत हे दोन्ही मान ‘पात्रिया ई विदा’ या क्यूबन गाण्याला मिळाले. ‘मातृभूमी किंवा मृत्यू’ या क्रांतीच्या घोषणेला उलटवून ‘मातृभूमी आणि जीवन’ म्हणणारे हे गाणे जुलै २०२१ मधील क्यूबातील निदर्शनांत लोकांच्या तोंडी होते. त्याचा एक गीतकार मायकेल ओसोर्बो पुरस्काराच्या रात्री क्यूबाच्या तुरुंगात होता. गीतकाराला दिला जाणारा पुरस्कार इतक्या शब्दशः अर्थाने क्वचितच दिला गेला असेल.

नंतरची स्थिती

२०२२ मध्ये बॅड बनीचे ‘तिती मे प्रेगुन्तो’ हे अर्बन गीत ठरले. वर्षाचा अल्बम मात्र रोसालियाच्या ‘मोतोमामी’ला गेला. २०२३ मध्ये सेव्हिल येथे, म्हणजे प्रथमच अमेरिकेबाहेर झालेल्या सोहळ्यात, कोलंबियाच्या कॅरोल जी यांच्या ‘मान्याना सेरा बोनितो’ला वर्षाचा अल्बम म्हणून निवडले गेले, आणि २०२५ मध्ये हाच मान बॅड बनीच्या ‘देबी तिरार मास फोतोस’ला मिळाला. अल्बमच्या पातळीवर भिंत पडली असे यावरून म्हणता येईल. त्या रात्री बॅड बनीला पाच पुरस्कार मिळाले, त्यांत अर्बन गीताचा पुरस्कार अल्बमच्या शीर्षकगीताला, ‘डीटीएमएफ’ला होता. हे गाणे प्वेर्तो रिकोच्या प्लेना या जुन्या लोकसंगीताच्या डफांवर उभे आहे.

गीताच्या पातळीवर चित्र अजून तिरपे आहे. २०२५ मध्ये वर्षाच्या गीताचा मान कॅरोल जी यांना मिळाला. अर्बन संगीताची ही आघाडीची गायिका मुख्य पंगतीत बसली, पण जे गाणे घेऊन ती बसली त्यात डेंबो नव्हता. ते मेरेंगे, म्हणजे डोमिनिकन प्रजासत्ताकातले जुने नाचसंगीत होते.